मरियम फिरोझ : बाप, नवरा आणि मधली चाळीस वर्षे

इराणच्या तुदेह पक्षाच्या नेत्या मरियम फिरोझ यांच्यावर लिहिणारे बहुधा 'लाल राजकन्या' या शब्दांनी सुरुवात करतात आणि 'नूरुद्दीन कियानूरींची पत्नी' म्हणून आटोपते घेतात. म्हणजे आधी बाप, शेवटी नवरा. मधल्या चाळीस वर्षांच्या राजकारणाचे काय, हा माझा प्रश्न आहे.

बाप फर्मानफर्मा हा काजार राजघराण्यातला, अफाट जमिनीचा धनी, 1915-16 मध्ये इराणचा पंतप्रधान. अनेक बायका, तीसहून अधिक मुले. मरियमचे लग्न बापानेच ठरवले, वयाने कितीतरी मोठ्या लष्करी अधिकाऱ्याशी. दोन मुली झाल्या. 1939 मध्ये बाप वारला आणि मगच तिला घटस्फोट घेता आला. सरंजामी वाड्यात मुलगी हीदेखील मालमत्ताच असते! तेव्हा तिचे राजकारण म्हणजे श्रीमंत घरच्या मुलीचा शौक, ही टिंगल मला मान्य नाही. जन्मावरून माणूस मोजू नये असे आपण म्हणतो, ते केवळ खाली ढकललेल्या जन्मापुरते म्हणत नाही. आणि शौकापायी कोणी भूमिगत, निर्वासित, कैदी होत नाही.

तुदेह पक्ष 1941 मध्ये स्थापन झाला. स्त्रियांना मताधिकार द्यावा ही मागणी या पक्षाने 1944 मध्ये मजलिसमध्ये मांडली. ती फेटाळली गेली. पक्षाच्या स्त्री-संघटनेत मरियम आघाडीवर होत्या. 1949 मध्ये पक्षावर बंदी आली, 1953 मध्ये मोसादेक यांचे सरकार उलथवले गेले, आणि पुढची बरीच वर्षे पूर्व जर्मनीत काढावी लागली. 1979 च्या क्रांतीनंतर त्या परतल्या तेव्हा वयाची पासष्टी आली होती.

माझी टीका येथून सुरू होते. फेब्रुवारी 1979 मध्ये खोमेनींनी 1967 चा कुटुंब संरक्षण कायदा बाजूला सारला. घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांबाबत स्त्रियांना जे थोडेफार मिळाले होते तेही गेले. 8 मार्चला तेहरानच्या स्त्रिया सक्तीच्या पडद्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. तुदेह पक्ष मात्र नव्या सत्तेला साम्राज्यवादविरोधी ठरवून तिच्यामागे उभा राहिला. 'आधी मोठा लढा, मग तुमचा प्रश्न' हे वाक्य या वाचकांनी पुष्कळदा ऐकले आहे. ते एका स्त्री-संघटनेच्या प्रमुखाने स्वीकारावे, आणि तेही बापाने परस्पर लग्न लावून दिलेल्या बाईने, हे मला उलगडत नाही. (कियानूरी हे शेख फजलुल्लाह नूरींचे नातू. संविधानाला विरोध केल्याबद्दल 1909 मध्ये फाशी गेलेला हा मौलवी नव्या राजवटीला हुतात्मा वाटत होता.)

फेब्रुवारी 1983 मध्ये त्याच सत्तेने नवराबायको दोघांनाही पकडले. कियानूरींना दूरदर्शनवर 'कबुली' द्यायला लावली. 1988 मध्ये पक्षाचे अनेक नेते तुरुंगातच मारले गेले. 1990 मध्ये कियानूरींनी खामेनींना पत्र लिहून आपला व पत्नीचा झालेला छळ सांगितला. छळाच्या वेळी मरियम सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

पुढे त्यांच्या आठवणी तेहरानमध्ये पुस्तकरूपाने आल्या. आत्मकथन हा आपल्या विश्वासाचा वाङ्मयप्रकार. पण त्यात बोलणारा मोकळा असावा लागतो. आधी तुरुंग, मग नजरकैद, आणि पुस्तकाला सरकारी परवाना! कियानूरी 1999 मध्ये वारले, विधवा मरियम 2008 मध्ये तेहरानमध्येच. या अवस्थेत पक्षाविरुद्ध त्या जे बोलल्या असतील ते मी त्यांच्या खात्यावर मांडत नाही. 1979 ते 1983 मधले मौन मात्र मांडतो. तेव्हा त्यांच्या तोंडावर कोणाचा हात नव्हता.