मुहूर्त आणि मसलत: ‘मुद्राराक्षसा’ची एक बाजू

‘मुद्राराक्षसा’ची प्रस्तावनाच ग्रहणाच्या वार्तेवर उभी आहे. नटीने ब्राह्मणभोजनाची सिद्धता केली आहे. ज्योतिषात निष्णात असलेला सूत्रधार मात्र हे ग्रहण घडणार नाही असे सांगतो, आणि त्याच्या तोंडचा ‘चंद्र’ शब्द कानी पडताच चाणक्य नेपथ्यातून गर्जतो. चंद्रगुप्तावर कोण चालून येतो, एवढाच त्याचा प्रश्न. आकाशातील घटनेला क्षणार्धात राजकीय अर्थ चिकटतो.

चाणक्य म्हणजे शुद्ध बुद्धिवाद आणि राक्षस म्हणजे शकुनभोळेपणा, अशी विभागणी सोयीची आहे. संहिता तिला पुष्टी देत नाही. दुसऱ्या अंकात गारुड्याची वर्दी येते आणि राक्षसाचा डावा डोळा लवतो. गारुड्याच्या वेषातील विराधगुप्त खरोखरच एकामागून एक अशुभ वार्ता सांगतो. शकुन खोटा ठरत नाही. विशाखदत्त निमित्तांची टवाळी करीत नाही. मुहूर्त कोणाच्या मुठीत आहे, हे तो दाखवितो.

विराधगुप्ताच्या निवेदनातील नंदभवनप्रवेशाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. मध्यरात्रीचा मुहूर्त दैवज्ञांच्या नावावर जाहीर होतो. अर्ध्या राज्याचा धनी म्हणून वैरोचकाला अभिषेक होतो, आणि राजवेषात, चंद्रगुप्ताच्याच हत्तिणीवर बसून तो आधी आत शिरतो. राक्षसाच्या माणसांनी रचलेल्या घातात तोच बळी पडतो. अभिषेकातील एकही विधी चुकलेला नाही, आणि नेमक्या त्या बिनचूकपणामुळेच मारेकरी फसतात. राज्याभिषेकाचे इतके थंड चित्र संस्कृत नाटकात क्वचितच सापडेल.

कौटिलीय अर्थशास्त्रात हाच दुहेरी सूर आहे. पुरोहित निमित्तशास्त्रात पारंगत हवा, असे तेथे सांगितले आहे. आणि जो वारंवार नक्षत्रे विचारीत बसतो त्याच्या हातून कार्य निसटते, हेही. विशाखदत्ताने ही दोन्ही टोके एकाच पात्रात बांधली: चाणक्याचा सहाध्यायी इंदुशर्मा दंडनीती व ज्योतिष या दोहोंत प्रवीण असून जीवसिद्धी नावाच्या क्षपणकाच्या वेषात राक्षसाच्या विश्वासात वावरतो. चौथ्या अंकात त्याचे प्रथमदर्शनच राक्षसाला अपशकुन वाटते. तरीही प्रस्थानाचा दिवस तो त्यालाच विचारतो. सांगितलेली तिथी शुद्ध नाही हे राक्षसाच्या ध्यानात येते, तो तसे बोलूनही दाखवितो. तिथी सांगणाऱ्याविषयी मात्र त्याला शंका येत नाही.