गुलदानावर नाव कोणाचे?

उर्दू शिकणाऱ्याला चिनी मातीचे भांडे आधी शब्दांतून भेटते. चीनच्या बादशहाला आपल्याकडे फग़फ़ूर म्हणत. त्यावरून उंची चिनी भांडे ते फग़फ़ूरी. नावात मालक बसला, कारागीर बाहेरच राहिला.

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये शाळेची मुले घेऊन गेलो तेव्हा आमच्या हातूनही तेच झाले. मीनाकारीच्या गुलदानांसमोर एकाने विचारले, "सर, ये बनाया किसने?" आम्ही सांगू लागलो: संग्रह नवाब सालारजंग तिसरे यांचा, ते निजामाचे दिवाण होते, १९४९ मध्ये वारले. (आपला जिल्हाही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात, हेही सांगून टाकले.) मुलाने हे विचारलेच नव्हते.

ही गुलदाने घडली मुख्यतः चीनमधील चिंगदेचेन गावी. पांढरे भांडे आधी सुमारे तेराशे अंशांवर भाजायचे. मग त्या चकाकीवर काचेच्या पुडीचे रंग भरायचे आणि सात-आठशे अंशांवर पुन्हा भट्टीत घालायचे. तो नाजूक गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून येतो. आच चुकली की आधीची सगळी मेहनत वाया. फ्रेंच पाद्री दांत्रकोल याने १७१२ च्या पत्रात लिहिले आहे की एक भांडे सत्तर हातांतून जाते. एक जण फक्त रेषा काढतो, दुसरा फक्त रंग भरतो. आणि शाही भांड्याच्या तळाशी शिक्का कोणाचा? बादशहाच्या कारकिर्दीचा.

आमच्या मते युंगचंगच्या काळातील (१७२३–३५) काम अधिक सरस. एक फांदी, चार फुले, बाकी पांढरे मोकळे. पुढे च्येनलुंगच्या काळात पुष्कळदा इंचभर जागाही रिकामी सोडली नाही. हात तितकाच कसलेला, पण तिथे कलेपेक्षा दरबारच जास्त दिसतो. आपल्या काही गझलाही अशाच असतात.

या पांढऱ्या मातीला केओलिन म्हणतात. हे नाव चिंगदेचेनजवळच्या काओलिंग टेकडीवरून आले. आणि आपल्या तेरला सातवाहनकाळच्या केओलिनच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या. भट्टी वेगळी, काळ वेगळा, चकाकी नाही. पण घडवणाऱ्याचे नाव तिथेही नाही. पुढची सहल आम्ही तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेणार आहोत. त्या मुलाला पुढे उभे करू.