'गंगाधरपंतांचे पानिपत' आणि योनिसो मनसिकार

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्या निमित्ताने त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा आम्ही पुन्हा वाचली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेने त्यांनी या वाङ्मयप्रकारात प्रवेश केला होता. विज्ञानकथा म्हणजे फावल्या वेळेची करमणूक, असा समज धम्माच्या अभ्यासकांतही आढळतो. तो समज किती अपुरा आहे, हे या कथेवरून दिसते. मात्र या कथेची मर्यादाही धम्माच्याच कसोटीवर उघड होते.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका निराळ्याच जगात वावरतात. तेथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आहे, मराठे जिंकले आहेत आणि इंग्रजांचे राज्य देशभर पसरलेले नाही.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात भगवान बुद्धांनी तीन मते नाकारली आहेत. सर्व काही पूर्वकर्माने घडते, ईश्वराने निर्मिल्यामुळे घडते, किंवा कारणावाचून घडते, अशी ती मते होत. पहिल्या दोन मतांना ही कथा छेद देते. जे घडले ते ललाटी लिहिलेले नव्हते, हे ती वाचकाला पटविते, आणि हे तिचे मोठेच कार्य होय. तिसऱ्या मताच्या मात्र ती फार जवळ जाते. पुंजभौतिकीतील अनिश्चिततेचा आधार घेऊन ती साऱ्या इतिहासाचा भार एका गोळीवर टाकते. पटिच्चसमुप्पाद एका कारणावर थांबत नाही. तुटलेली रसद, उपाशी फौज, दुरावलेले मित्र हेही त्या पराभवाचे प्रत्ययच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कथेतील विजयी पेशवे विज्ञानाला उत्तेजन देतात, पुढे देशात लोकशाहीही येते. परंतु त्या जगात गावकुसाबाहेरच्या माणसाला विहिरीवर पाणी भरता येते काय, हे गंगाधरपंत ग्रंथालयात बसूनही शोधीत नाहीत. पेशवाईत अस्पृश्यांवर असलेल्या निर्बंधांकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधात लक्ष वेधले होते. गोळी हुकली म्हणून ते निर्बंध आपोआप गळून पडले असते काय?

आमच्या वऱ्हाडालाही असे पानिपत आहे. अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आणि मेळघाटातील गाविलगडावर त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्रज जिंकले, व भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले. भोसले जिंकले असते तर, अशी कथा कोणीही लिहील. तीत सिंहासनावरचा माणूस तेवढा बदलेल.

आम्हांस निराळी कथा हवी आहे. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. त्याच वेळी मंदिराचे दार उघडले असते तर १९३५ ची येवल्याची घोषणा झाली असती काय? की महाड आणि नाशिक येथील अनुभव, आणि दार उघडूनही न बदललेली मने, यांनी माणसाला त्याच वाटेवर आणले असते? येथे एका गोळीने उत्तर मिळणार नाही. लेखकाला प्रत्यय एकेक करून तपासावे लागतील.

'बाबासाहेब आणखी दहा वर्षे असते तर' हा उद्गार आपल्या विहारांतून नेहमी ऐकू येतो. तो हळहळीपाशीच संपला तर तो अयोनिसो मनसिकार होय. मज्झिम निकायातील सब्बासव सुत्तात भूतकाळाविषयीच्या निष्फळ चिंतनाची गणना त्यातच केली आहे. त्याच उद्गारातून 'तेव्हा कोणते प्रत्यय जुळले नाहीत आणि आज त्यांपैकी कोणते आपल्या हाती आहेत' असा प्रश्न निघाला, तर तो योनिसो मनसिकार होय. 'जर-तर'च्या कथेचे मूल्य आमच्या मते याच भेदावर ठरते. नारळीकरांनी दैवाचे दार उघडून दिले आहे. त्यातून सिंहासनाकडे न जाता पाणवठ्याकडे जाणारी कथा अमरावती-अकोल्याच्या तरुण लेखकांनी लिहावी.