विषाद, उदासी आणि ‘डिप्रेशन’ : काही भाषांतरविषयक विचार

खिन्नतावाचक इंग्रजी शब्द मराठीत आणताना नेमके काय निसटते, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो मुख्यतः पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भाव्यांचा आणि काही अंशी रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांचा.

‘मेलन्कली’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ काळे पित्त असा आहे. ‘डिप्रेशन’च्या लॅटिन मुळात खाली दाबले जाणे आहे. म्हणूनच हवामानातील कमी दाब, बाजारातील मंदी आणि मनाची अवस्था या तिन्हींना इंग्रजीत हा एकच शब्द चालतो. मराठीत त्यास सर्रास ‘नैराश्य’ म्हटले जाते. हा प्रतिशब्द आमच्या मते सदोष आहे. नैराश्य म्हणजे आशेचा अभाव. तो शब्द लावताच आजारी माणसावर आशा सोडल्याचा ठपका नकळत येतो. दाबणारे काही आहे, ही मूळ शब्दातील जाणीव मात्र नाहीशी होते.

‘विषाद’ अधिक जवळचा आहे. त्यातील ‘सद्’ धातूचा अर्थ बसणे, खचणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे गात्र गळते, तोंड कोरडे पडते, कातडी जळते आणि अखेर तो रथात खरोखरच बसतो. एडविन अर्नोल्डने १८८५ च्या आपल्या भाषांतरात या अध्यायास ‘डिस्ट्रेस’ म्हटले. त्यात संकटाची छाया आहे, पण हे बसणे नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत विनोबांनी अर्जुनाच्या मोहावर बोट ठेवले, तसेच त्याच्या ऋजुतेचा गौरवही केला. खचलेल्या माणसास अधिकारी श्रोता मानणारी ही दृष्टी ‘नैराश्य’ या शब्दात मावत नाही.

‘उदास’चा प्रवास याहून विलक्षण आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ हे भक्ताचे भूषण आहे, आणि त्याच्या शेजारीच तो व्यथामुक्त असल्याचेही सांगितले आहे. उदासीन म्हणजे अलिप्तपणे वर बसलेला. तोच शब्द आज मराठीत दुःखी माणसास लागतो! ‘गीताई’ वाचणाऱ्या नव्या विद्यार्थ्यास येथे थांबवून सांगावे लागते.

देशमुखांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांस ‘डिप्रेशन’चा आर्थिक अर्थ निराळा सांगावा लागला नसता. कालिदास मात्र म्हणतो की मेघ पाहून सुखी माणसाचे चित्तही निराळे होते. या ‘निराळे होण्या’स इंग्रजीत नेमका शब्द आम्हांस आढळत नाही. मराठीत तो आहे, आणि तो पंडिती नाही : ‘करमत नाही’.

या क्रियापदास कर्ता नाही. ‘मला करमत नाही’, ‘मला वाईट वाटते’ या वाक्यांत माणूस चतुर्थीत असतो. इंग्रजीत तो स्वतःच ‘सॅड’ असतो. लोकांनी ‘डिप्रेशन’ हा शब्द उचलला तोही याच रीतीने : ताप येतो तसे ‘त्याला डिप्रेशन आलंय’. कोशकारांनी या वापराची नोंद ‘नैराश्य’च्या आधी करावी.