पलीकडचा काठ : वायदांचा ‘कानाल’ आणि वॉर्साचा उठाव



आज एका चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. पण मी काही चित्रपटसमीक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही नीतिशास्त्र जास्त. त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवलाय यापेक्षा कोण कोणाचं काय देणं लागत होतं, याकडे माझं लक्ष आधी जातं. खोड आहे, आता जायची नाही.

आंद्रे वायदा यांचा ‘कानाल’ १९५७चा. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ कालवा असाही होतो आणि गटार असाही. विद्यार्थी असताना पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला मी तो पहिल्यांदा पाहिला. आवडला, पण त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण मला तेव्हा कळलाच नाही.

तो क्षण असा. सप्टेंबर १९४४, वॉर्साचा मोकोतुफ हा भाग पडायच्या बेतात आहे. उठावातली एक तुकडी जर्मन वेढ्यातून निसटण्यासाठी जमिनीखालच्या गटारांत उतरते. अंधार, घाण, विषारी वाफा. माणसं एकमेकांपासून तुटत जातात. कोराब हा जखमी तरुण आणि त्याला अक्षरशः ओढत नेणारी मुलगी, टोपणनाव स्तोक्रोत्का, म्हणजे डेझीचं फूल. दोघं एका तोंडापाशी पोचतात. उजेड दिसतो, नदी दिसते. आणि मध्ये लोखंडी गज. कोराब जवळजवळ शुद्धीवर नाही. ती त्याला गज आहेत हे सांगत नाही, त्याला धीर देत राहते आणि स्वतः गजांतून पलीकडे बघते. पलीकडे व्हिस्टुला नदीचा दुसरा काठ.

मी तेव्हा म्हटलं, अरेरे, दारात येऊन अडकले बिचारे. बस्स. त्या काठावर कोण होतं हे मला माहीत नव्हतं. पोलंडमधल्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नव्हतं. सप्टेंबरच्या मध्यापासून तिथे, म्हणजे प्रागा या उपनगरात, सोव्हिएत फौज येऊन उभी होती. वायदांना हे पडद्यावर उघड म्हणणं शक्यच नव्हतं. १९५६च्या ऑक्टोबरात पोलंडमधली राजवट जराशी सैलावली नसती, तर हा चित्रपट असा आलाही नसता. त्याआधी उठावातल्या लोकांना तुरुंग दाखवला गेला होता. वायदांचे वडील पोलिश सैन्यात अधिकारी होते, सोव्हिएत पोलिसांनी १९४०मध्ये जे हत्याकांड केलं, ज्याला आपण कातिन म्हणतो, त्यात ते मारले गेले. त्या मुलानं केलेला हा शॉट आहे. मुलगी फक्त बघते. कोणी काही बोलत नाही.

आता थोडा इतिहास. नाहीतर पुढचं बोलणं हवेत जाईल.

१ ऑगस्ट १९४४, संध्याकाळी पाच वाजता उठाव सुरू झाला. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारला मानणारी भूमिगत सेना, होम आर्मी, आणि तिचे सेनापती जनरल बूर-कोमोरोव्स्की. दोन-तीन दिवसांपूर्वीच मॉस्कोच्या बाजूच्या पोलिश रेडिओवरून वॉर्साकरांना ‘उठा’ असं आवाहन झालं होतं. रशियन तोफा शहरातून ऐकू येत होत्या. आठवडाभराचं काम, असा अंदाज होता. लढाई ६३ दिवस चालली, २ ऑक्टोबरला शरणागती. नागरिक मेले ते दीड ते दोन लाख. लढणारे मेले साधारण सोळा हजार. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, मला नंतर लागणार आहेत.

उठाव लष्करीदृष्ट्या जर्मनांविरुद्ध होता आणि राजकीयदृष्ट्या रशियाविरुद्ध. म्हणजे असं, की लाल सेना शहरात शिरेल तेव्हा तिचं स्वागत करायला पोलिश सत्ता यजमान म्हणून दारात उभी पाहिजे. ही भीती काल्पनिक नव्हती. त्याच वेळी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं घरातून उचलून सायबेरियाकडे नेलेली, मग इराणमार्गे इथे आलेली. स्टालिन म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. पण मग गंमत बघा, ज्याच्या हाती शहर जाऊ नये म्हणून उठायचं, त्याच्याच वेळेवर येण्यावर भिस्त ठेवायची! ही गोष्ट पोलिश मित्रांना सांगितली की ते नाराज होतात. तरी ती खरी आहे.

‘मित्रराष्ट्रांनी दगा दिला’ असं एका दमात म्हणण्याची पद्धत आहे. नीतिशास्त्राच्या माणसाला हे वाक्य जाड वाटतं, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्या आहेत.

ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत जर्मन रणगाड्यांनी वॉर्साच्या पूर्वेला जोरदार प्रतिहल्ला केला, सोव्हिएत फौज थकलेली होती, तिची रसद लांबलेली होती. त्या आठवड्यात ती शहरात घुसू शकली असती का, यावर इतिहासकार भांडू देत. जे जमत नाही ते केलं नाही म्हणून दोष देता येत नाही. पण पुढे काय झालं? ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि पोलिश वैमानिक इटलीतल्या ब्रिंदिसीहून उडत होते, येऊन-जाऊन अडीच हजार किलोमीटरांहून अधिक. वॉर्सावर शस्त्रं टाकून तसंच परत फिरायचं. अनेक विमानं परतलीच नाहीत. हीच विमानं जवळच्या सोव्हिएत धावपट्ट्यांवर उतरू द्या, एवढीच विनंती होती. ऑगस्टच्या मध्याला उत्तर आलं : नाही. स्टालिननं उठावाला बेजबाबदार साहस ठरवलं, मग उठाव करणाऱ्यांना गुन्हेगार. याला मी ‘मदत न करणं’ म्हणत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला मी पाण्यात उडी मारली नाही, ही एक गोष्ट. दुसरा उडी मारतोय आणि मी त्याचा हात धरून ठेवला, ही दुसरी. त्यात, पाण्यात उतर असं त्या बुडणाऱ्याला आधी मीच सांगितलेलं. रणगाड्यांचा प्रतिहल्ला हे धावपट्टी नाकारण्याचं कारण होऊच शकत नाही.

आणि तिसरी गोष्ट पश्चिमेची. २५ ऑगस्टला चर्चिलनी रूझवेल्टना सुचवलं, की परवानगी नसली तरी विमानं पाठवू, बघू रशिया काय करतो. रूझवेल्ट म्हणाले, युद्धाच्या दूरच्या हिताचा विचार करता मी यात सामील होत नाही. त्यांना जपानविरुद्ध रशिया हवा होता. शेवटी १८ सप्टेंबरला परवानगी मिळून शंभराहून अधिक अमेरिकन बॉम्बर आले, तोवर उठावाच्या ताब्यातला भाग इतका आक्रसला होता की बहुतेक पेट्या जर्मनांच्या हाती पडल्या. ब्रिटिश वृत्तपत्रं तेव्हा रशियाला दुखवायचं नाही म्हणून कशी गप्प बसली, किंवा उलट पोलिशांनाच कशी शिकवत बसली, यावर जॉर्ज ऑर्वेलनं सप्टेंबरच्या पहिल्याच तारखेला लिहिलं. युद्ध चालू असताना. मला त्याच्याबद्दल आदर आहे तो अशा गोष्टींमुळे.

आता पुन्हा चित्रपटाकडे. त्या शॉटची इतकी स्तुती झाली आहे की त्याची खोट कोणी सांगत नाही. तो काठ रिकामा दिसतो. पण तो रिकामा नव्हता. १६ सप्टेंबरपासून जनरल बेर्लिंग यांच्या फौजेतले सैनिक तिथून होड्यांनी नदी ओलांडून आले होते. पोलिशच, पण सोव्हिएत हुकमतीखाली उभारलेल्या सैन्यातले. पुरेसा तोफखाना पाठीशी नाही, शहरातल्या लढाईचा सराव नाही. मोठ्या संख्येनं मेले, थोडे परतले. बेर्लिंगना पुढे सेनापतिपदावरून काढलं. पलीकडच्या काठावरून मदत आलीच नाही, असं नाही. आली ती गरीब पोरांची आली, ज्यांना पाठवणारे मागे उभे राहिले. वायदांचा रिकामा काठ स्टालिनवर बरोबर बोट ठेवतो, पण या पोरांना पुसून टाकतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सुरुवातीलाच निवेदक सांगतो, या माणसांकडे नीट बघा, हे यांच्या आयुष्याचे शेवटचे तास आहेत. झालं! निकाल आधीच लागला. मग हे कोणी ठरवलं, असं विचारायची सोय उरत नाही. ३१ जुलैला मूठभर अधिकाऱ्यांनी ठरवलं. लंडनहून ब्रिटिशांनी कळवलं होतं, आम्हाला मदत करणं अवघड आहे. हत्यारं थोड्यांच्याच हातात होती. इटलीत लढणाऱ्या जनरल आन्देर्सना हा उठावच मान्य नव्हता. आणि ते मघाचे दोन आकडे : एका लढवय्यामागे नऊ ते बारा नागरिक मेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वोला भागात जर्मनांनी हजारो लोकांना घराघरांतून बाहेर काढून गोळ्या घातल्या. मारणारे जर्मन होते, यात शंका नको. पण त्या लोकांना ‘उठायचं का?’ असं कोणी विचारलं नव्हतं. ‘कानाल’मध्ये नागरिक जवळजवळ नाहीतच. तळघरांत बसलेल्या त्या माणसांचा आवाज ऐकायचा, तर मीरोन बियावोशेव्स्की यांची आठवणींची चोपडी घ्यावी. १९७० साली आली, उठावाच्या वेळी ते बावीस वर्षांचे होते आणि हाती बंदूक नव्हती.

मग मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा का बघतो? गजांच्या शॉटसाठी नाही. शेवटासाठी. पटकथा स्ताविन्स्की यांची, ते स्वतः या गटारांतून गेले होते, आणि त्यांना जबाबदारी म्हणजे काय ते माहीत होतं. तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट झाद्रा पुढे चालतोय. मागे वळून विचारतो, माणसं येतायत ना? नोंदवही सांभाळणारा सार्जंट म्हणतो, येतायत. पुन्हा विचारतो, पुन्हा तेच उत्तर. खरं म्हणजे माणसं केव्हाच हरवली आहेत, पण सार्जंटला परत फिरायचं नाही. दोघं उजेडात बाहेर पडतात. झाद्रा थांबून वाट बघतो. कोणीच येत नाही. सार्जंट कबूल करतो. झाद्रा त्याला गोळी घालतो आणि पुन्हा गटारात उतरतो.

त्या वर्षी कानच्या महोत्सवात बर्गमनच्या ‘सेव्हन्थ सील’बरोबर याला ज्यूरींचं खास पारितोषिक मिळालं. मायदेशात मात्र पुष्कळांना राग आला. ज्यांची पोरं गेली होती त्यांना शौर्य बघायचं होतं, चिखल नव्हे. त्यांचा राग मला समजतो. पण त्या सार्जंटकडे बघताना मला ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या राजधान्या आठवतात. मॉस्को, वॉशिंग्टन, थोडं लंडनसुद्धा. ‘मागचे येतायत ना?’ या प्रश्नाला सगळ्यांकडे काही ना काही उत्तर होतं. खोटं बोलणारा इथे राक्षस नाही, त्याला फक्त बाहेर पडायचंय. झाद्रानं त्याला मारलं ते मला पटत नाही. झाद्रा परत उतरला त्यानं कोणी वाचणार नाही, हेही त्याला ठाऊक असावं. तरी मोजणी चुकली हे कळल्यावर परत फिरणारा या सगळ्या गोष्टीत मला हा एकच अधिकारी दिसतो, आणि तो काल्पनिक आहे.

खऱ्या मोकोतुफमध्ये २७ सप्टेंबरला काही जण अंधारात वाट चुकून गटारातून वर आले ते ड्वोर्कोवा रस्त्यावर, थेट जर्मनांसमोर. शंभराहून अधिक जणांना तिथेच गोळ्या घातल्या.

मी इथे थांबतो. समोरच्या बाईंचा हात मघापासून वर आहे, बेर्लिंगबद्दलच असणार. विचारा.