मागच्या सतरंजीवरून

“गाण्यातले आम्हाला काही कळत नाही हो,” असे म्हणून मैफलीत मागच्या सतरंजीवर बसणारा एक मोठा वर्ग आहे. हा विनय नेहमी खरा असतो असे नाही. पण पुढच्या रांगेतले जाणकार तो खरा मानून मोकळे होतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

मारवा आणि पूरिया घ्या. दोहोंत स्वर तेच सहा. पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. फरक आहे तो वजनाचा. मारव्याचा भर ऋषभ-धैवतावर, पूरियाचा गांधार-निषादावर. मारवा गाता गाता गवई गांधारावर जरा अधिक विसावला की जाणकाराची भुवई वर चढते. मागच्या सतरंजीला त्याचा पत्ताही नसतो. रागाच्या शुद्धतेचा निवाडा तिने करू नये, हे मला निमूट मान्य आहे.

पण समेचे काय? ज्याला मात्रा मोजता येत नाहीत, त्याचीही मान समेवर हलते. सूर घसरला की तोंड वाकडे होते, त्याला शास्त्र लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तरुण गायिकेच्या मैफलीवर मी लिहिले. राग शुद्ध, लय पक्की, तालीम चोख. स्तुतीत हात आखडता घेतला नाही. मैफलीला माझी आत्या बरोबर होती. यमन आणि भूप यांतला फरक विचारला, तर ती चहाचे आधण ठेवायला उठेल. रिक्षातून परतताना ती एवढेच म्हणाली, “पोरगी भ्यालीय रे. कुणीतरी छडी घेऊन पुढ्यात बसल्यासारखी गात होती.” मी हसलो. लेख छापून आल्यावर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा हसू मावळले. प्रत्येक आलाप आधी चाचपून पाहिलेल्या दगडावरच पाय ठेवत होता. माझे लिखाण खोटे नव्हते, पण मुख्य गोष्टच त्यात नव्हती. भीती कशाने येते हे आत्याला सांगता आले नसते. ती आहे, हे मात्र तिने ओळखले. पुढच्या वर्षी त्या मुलीने तेच, तसेच गायले. निमंत्रणपत्रिकेवर माझीच वाक्ये छापली होती.

म्हणून रसिक म्हणेल ते खरे मानावे काय? तसेही नाही. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गळा बालगंधर्वांचा. पिटातल्या प्रेक्षकाला रागांची नावे कोण सांगायला गेले होते? तरी यमन, भीमपलास त्याच्या ओठी बसले. ही त्याची थोरवी. पण त्याच प्रेक्षकाच्या ‘वन्समोअर’ने पदे एवढी लांबली, की नाटक पहाटेपर्यंत चाले आणि कथानक विंगेत ताटकळत उभे राही. चांगले काय ते त्याला कळले; पुरे कधी म्हणावे, ते कळले नाही. (जाणकारांना तरी कुठे कळते म्हणा! आमचे लेखही लांबतातच.)

यंदाच्या मैफलीला आत्याला पुढच्या रांगेत बसवावे, असा माझा बेत होता. ती म्हणाली, “नको रे बाबा, मागेच बरं. पाय पसरता येतात.”