झुंडीचे हसणे

गोरेगाव पूर्वेला चित्रनगरी आहे. १९७७ साली शासनाने ती उभारली. तिच्या कुंपणाच्या आत गरजेप्रमाणे झोपडपट्टी उभी राहते आणि चित्रीकरण संपले की मोडली जाते. कुंपणाच्या बाहेर संतोषनगर आहे, पलीकडे आरेच्या जंगलात आदिवासी पाडे आहेत. आमच्याकडची काही मुले त्या आतल्या झोपडपट्टीत गर्दी म्हणून उभी राहायला जातात. खऱ्या वस्तीतून उठायचे, खोट्या वस्तीत जाऊन उभे राहायचे आणि त्याचा रोज घेऊन परत खऱ्या वस्तीत यायचे! तिथे त्यांना कसे दिसायचे ते सांगितले जाते. कपडे मळके, चेहरा गंभीर, आणि नायक बोलत असेल तेव्हा नजर त्याच्याकडे. एका मुलाने मला सांगितले, "सर, हसायचं नसतं. हसलं की बाजूला काढतात."

हिंदी चित्रपटातली झोपडपट्टी हसत नाही, हे त्या मुलाने एका वाक्यात सांगून टाकले. ती रडते, पेटते, नायकाच्या मागे धावते. हसायचे काम तिच्याकडे पाहणाऱ्यांचे.

नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'विषयी मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. आपल्या मंडळींनी त्यावर बरेच लिहिले, पण त्यातले बहुतेक लेखन एकाच चौकटीभोवती फिरले. जयंतीच्या उत्सवात अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे राहतात, ती चौकट. हिंदी पडद्याला एवढे करायला किती दशके लागली याचा हिशेब मांडला गेला, आणि तो मांडायलाच हवा होता. दुसऱ्या बाजूला प्रस्थापित समीक्षेने चित्रपटाची लांबी मोजली. तीन तास म्हणजे फार, असे तिचे मत पडले. (आमच्या लोकांना सभेत रात्री दोनपर्यंत बसायची सवय आहे, पण ते असो.) या दोन्हींमध्ये एक साधी गोष्ट बोलायची राहून गेली. 'झुंड' हा, निदान त्याचा पूर्वार्ध, एक रांगडा, आचरट, प्रसंगी अर्वाच्य असा खेळाचा विनोदी चित्रपट आहे. आणि त्याचे बळ त्या आचरटपणातच आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपुरात एक महाविद्यालय, शेजारी वस्ती, मध्ये भिंत. वस्तीतली पोरे मालगाडीतला कोळसा काढतात, साखळ्या ओढतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. निवृत्तीला आलेला क्रीडाशिक्षक विजय बोराडे त्यांना पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडताना पाहतो आणि फुटबॉल आणून देतो. ही गोष्ट नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेली आहे. त्यांनी २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात केली, तेव्हा बेघरांच्या विश्वचषकाचा जन्मही झाला नव्हता. तो २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात सुरू झाला.

बोराडे मास्तर पोरांना खेळण्याचे पैसे देतो. अर्धा तास खेळा, नोट घ्या. पोरांना वाटते, म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे. जोवर देतो आहे तोवर लुटून घ्यावे. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर! हा प्रसंग विनोदाचा आहे आणि तसाच चित्रित झाला आहे. पण त्यातले हसू कुठून येते ते पाहिले पाहिजे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकीत वेठ वाहिली, काम करूनही मजुरी मागायची नाही ही ज्यांना पिढ्यान्पिढ्यांची शिकवण, त्यांचे नातू आता खेळण्याची मजुरी मागतात आणि मोजूनही घेतात. वेठीचे हे उलटे रूप मंजुळ्यांनी एका शब्दाचेही भाष्य न करता दाखवले आहे. मग एके दिवशी मास्तर म्हणतो, आज पैसे नाहीत. पोरे चिडतात, निघतात, घुटमळतात आणि शेवटी खेळतात. कोणत्याही भाषणापेक्षा हे घुटमळणे मला मोठे वाटते.

मंजुळ्यांच्या चित्रपटांत खेळ नेहमीच येतो, आणि त्याबरोबर हसणे येते. 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव कठड्यावर बसून ते पाहते. तो गावासाठी एक सामनाच आहे. शेरे मारले जातात, शिट्ट्या वाजतात. हसणारे बसलेले, धावणारे घामेघूम. 'सैराट'ची (२०१६) सुरुवात गावच्या क्रिकेट सामन्याने होते, ध्वनिक्षेपकावरून गमतीदार समालोचन चालू असते, परशा सामना जिंकून देतो. पण बक्षीस पाटलाच्या हातून घ्यायचे असते. हसू आहे, परंतु मैदान पाटलाचे आहे. 'झुंड'मध्ये प्रथमच धावणारे आणि हसणारे एक होतात. पोरे खेळता खेळता हसतात, एकमेकांना हसतात, मास्तरला हसतात, आणि मुख्य म्हणजे भिंतीपलीकडच्या स्वच्छ गणवेशातल्या संघाला हसतात. 'फँड्री'तला दगड पडद्याबाहेर आला होता. 'झुंड'मधून हसू बाहेर येते. दगडाचे आपण स्वागत केले, हसण्याविषयी मात्र गप्प राहिलो.

या ठिकाणी 'लगान'मधल्या (२००१) कचराची आठवण येते. हिंदी चित्रपटाने मैदानात उतरवलेला हा सर्वांत प्रसिद्ध अस्पृश्य. त्याचे नावच कचरा. त्याचा हात अधू, आणि त्या अधूपणामुळेच त्याचा चेंडू वळतो; म्हणजे त्याची कलाही त्याच्या व्यंगाची देणगी, कष्टाची नव्हे. नायक त्याच्यासाठी भाषण करतो, गाव वितळते, कचरा हॅटट्रिक घेतो. संपूर्ण चित्रपटात तो कोणाची थट्टा करतो का? करील कसा? तो उपकृत आहे. आणि आपला खरा इतिहास तर याच्या उलट आहे. पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले ते कष्टाने कमावलेल्या फिरकीवर. त्यांचा चेंडू हिंदू संघाला चालत होता, चहाचा पेला मात्र त्यांना वेगळा आणि बाहेर मिळत होता. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेही भांडून. या भावांच्या आयुष्यातही विनोदाचे क्षण आले असतील, चहाच्या त्या पेल्यावरून ते घरी खिदळले असतील, असे मला नेहमी वाटते. पडद्यावर मात्र कचराच पोहोचला.

मी 'झुंड' प्रथम गोरेगावातल्या एका मॉलमध्ये पाहिला. नंतर आमच्या रविवारच्या वर्गातल्या सात-आठ मुलामुलींबरोबर भिंतीवर पडदा लावून पाहिला. दोन्हीकडे लोक हसले, पण निरनिराळ्या जागी. मॉलमध्ये हसू आले ते पोरांचे रंगवलेले केस, गॉगल आणि नागपुरी हिंदी ऐकून. म्हणजे ती पडद्यावर आली की हसू. आमच्या खोलीत केस आणि गॉगल पाहून कोणी हसले नाही. एकाने फक्त, "हा रंग आपल्याकडं कुठं मिळतो?" एवढे विचारले. आमच्याकडे हसू फुटले ते महाविद्यालयाच्या संघाबरोबरच्या सामन्यात. पलीकडे शिस्तीत व्यायाम चाललेला, अलीकडे गोंधळ. पलीकडे प्रशिक्षक सूचना देतो, अलीकडे अख्खी वस्ती सूचना देते. शेवटी वस्ती जिंकते. आमच्या मुलांनी तो सामना पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्या वेळी जास्त हसली. पुढचे सर्व ठाऊक असताना माणूस जास्त हसतो तेव्हा ते हसणे धक्क्याचे नसते, ते मालकीचे असते.

भाषेविषयी एक गोष्ट. ही पोरे जे बोलतात ते व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात बसणार नाही. मराठी-हिंदीची सरमिसळ, शिव्या, अर्धी वाक्ये. काही सुशिक्षित दलित मित्र मला म्हणाले की यामुळे आपली बदनामी होते. आपली मुले आता परदेशात शिकतात, अधिकारी होतात, ती का दाखवत नाहीत? त्यांची तक्रार मला कळते. पण हीच तक्रार १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा झाली होती, १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हाही झाली, आणि तेव्हा ती पांढरपेशांबरोबर आपल्यातल्या काहींनीही केली. नामदेव ढसाळांची भाषा आज अभ्यासक्रमात शिकवली जाते. मग डॉन मसरामची भाषा ऐकून आपल्याला लाज का वाटावी? मला याचे कारण असे दिसते की वेदनेतली शिवी आपण साहित्य म्हणून स्वीकारली आहे. गमतीतली शिवी अजून स्वीकारलेली नाही. आपल्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार ही मूल्ये मांडली, त्यांवर अर्धे शतक काम केले. टवाळीला तिच्यात जागा दिली नाही.

वास्तविक टवाळी आपल्या घरचीच आहे. तमाशातला सोंगाड्या कोण होता? फडांतले बहुसंख्य कलावंत महार-मांग समाजांतले होते, आणि पाटलाची, सावकाराची, देवाचीही खिल्ली उडवण्याची मुभा सोंगाड्याने स्वतःच्या जिवावर मिळवली होती. आंबेडकरी जलशांनी गणातला गणपती आणि गौळणीतला कृष्ण काढून टाकला, परंतु गंमत काढली नाही. भीमराव कर्डकांच्या जलशातही लोक हसत होते, आणि हसता हसता मेलेली गुरे ओढायचे सोडत होते. पुढे दादा कोंडक्यांनी १९७१ साली 'सोंगाड्या' काढून या परंपरेचा गल्ला भरला, पण त्यांचा नाम्या भोळा ठेवला. भोळ्याला हसणे सोपे असते. 'झुंड'मधली पोरे भोळी नाहीत. ती लबाड आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याला त्यांच्यावरून निर्धास्त हसता येत नाही.

आता माझा या चित्रपटाशी असलेला वाद. त्यात बोराडे मास्तर एका ठिकाणी बजावतो की यांना झुंड म्हणू नका, टीम म्हणा. जाहिरातीतही हेच वाक्य वाजवले गेले. उत्तरार्ध या वाक्याच्या मागे जातो आणि तिथेच हसू आटू लागते. देशभरातून संघ येतात, परदेशाचे आमंत्रण येते, पारपत्रे हवी असतात, पोलिसांतल्या नोंदी आड येतात. न्यायालयात मास्तर डॉनच्या वतीने दीर्घ बोलतो आणि डॉन ऐकतो. चित्रनगरीतल्या गर्दीसारखा, मान वर करून! बच्चन यांनी आयुष्यभर विजय नावाचे नायक रंगवले, १९७५ च्या 'दीवार'मधला तर अगदी याच शहराचा. त्या विजयच्या तोंडी भाषण आले की मागे शांतता पसरलीच पाहिजे, ही हिंदी चित्रपटाची सवय मंजुळ्यांसारख्या दिग्दर्शकालाही मोडता आली नाही. आमच्या मुलांनी हा भाग पुढे ढकलायला सांगितला. मी ढकलला नाही, मास्तर असल्यामुळे.

झुंड ही टीम झाल्याशिवाय माणसात येत नाही, हे मला मान्य नाही. पूर्वार्धातली पोरे पूर्ण माणसेच आहेत, चोर असतानाही. त्यांना शिस्त लागली, गणवेश मिळाला, परदेशाचे तिकीट मिळाले म्हणून त्यांचे हसणे आपल्याला चालते असे ठरवले, तर उरलेल्यांचे काय करायचे? जे विमानात बसलेच नाहीत ते वस्तीतच आहेत. मंजुळ्यांना हे ठाऊक आहे. विमानतळावरच्या तपासणीत डॉनजवळचे यंत्र पुन्हा पुन्हा वाजते, तेव्हा आपण हसतो आणि घाबरतोही. शेवटी विमान उडते आणि खाली भिंत ओलांडण्यास मनाई करणारी पाटी तशीच राहते. आणि पडद्याबाहेरची गोष्ट याहून कठोर आहे. या चित्रपटात उत्तम काम केलेल्या, ज्याच्या तोंडावरून हसू हटत नसे अशा एका तरुणाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात खून झाला. वर्तमानपत्रांनी बातमीच्या मथळ्यात चित्रपटाचे नाव घातले. आमच्या वर्गातल्या मुलांनी ती बातमी माझ्याआधी वाचली होती. त्या रविवारी कोणी सामना लावायला सांगितला नाही.

आणखी एक उणीव आमच्याच वर्गातल्या एका मुलीने दाखवली, ती इथे नोंदवली पाहिजे. चित्रपटात मुली खेळतात. तीन मुलांची आई असलेली रजिया पुन्हा मैदानात येते. मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या एका कागदासाठी दारोदार फिरतात, आणि तो भाग अतिशय संयमाने रंगवलेला आहे. रिंकू राजगुरूने तिथे 'सैराट'ची आर्ची पार पुसून टाकली आहे. पण या बायकांच्या वाट्याला सोसणे आले आहे, जिद्द आली आहे, गोलही आला आहे. चावटपणा आलेला नाही. पोरे एकमेकांची आयमाय काढून खिदळतात तेव्हा मुली कुठे असतात? ती मुलगी म्हणाली, "सर, आम्ही पाण्याच्या रांगेत याच्यापेक्षा घाण बोलतो." सगळी पोरे हसली, आणि ती त्यांच्यावर ओरडली की यात हसण्यासारखे काय आहे, मी खरे तेच सांगते आहे. मग स्वतःच हसायला लागली.